भात्यातले बाण

सुरत म्हटले की मराठी माणसाच्या मनात प्रथम १६६४ साल उभे राहते. जानेवारीच्या थंडीत शिवाजी महाराजांचे घोडदळ तापीकाठच्या या श्रीमंत बंदरावर येऊन थडकले, मोगलांचा अधिकारी इनायतखान किल्ल्याचा दरवाजा लावून आत बसला आणि जॉर्ज ऑक्झेंडनच्या हाताखालच्या मूठभर इंग्रजांनी आपली वखार कशीबशी राखली. या प्रसंगाच्या वर्णनात तलवारी येतात, भाले येतात, तोफा आणि बंदुका येतात. धनुष्यबाणाचाही कधी उल्लेख होतो. परंतु ज्यात बाण ठेवले जात त्या भात्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. इतिहासाने धनुष्याला मान दिला, बाणाला कीर्ती दिली आणि भात्याला मात्र एखाद्या पिशवीप्रमाणे बाजूला टाकले.

वास्तविक धनुर्धराच्या दृष्टीने भाता ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. धनुष्य कितीही चांगले असले आणि बाण कितीही सरळ असला, तरी गरजेच्या क्षणी तो बाण कोरडा, शाबूत आणि हाताशी नसेल तर दोन्ही व्यर्थ. म्हणून ज्याचे पोट किंवा ज्याचा प्राण धनुष्यावर अवलंबून होता, तो माणूस भाता विचार करून निवडीत असे. त्या निवडीत त्याचे जगणे दिसते. सुरतेचा किल्ला आणि सुरतेच्या पूर्वेस सह्याद्रीच्या उतरणीवर पसरलेले डांगचे जंगल, ही दोन स्थळे डोळ्यांपुढे ठेवली तर एकाच मुलखात दोन निराळे भाते नांदत होते असे आढळेल. त्या दोन भात्यांची ही हकीकत आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. मराठीत 'भाता' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. बाण ठेवण्याचा तो भाता, आणि लोहार ज्याने भट्टी फुलवतो तोही भाता. दोन्हींचे मूळ संस्कृतातील 'भस्त्रा' या शब्दात आहे, आणि भस्त्रा म्हणजे चामड्याची पिशवी. बाणाचा फाळ ज्या भट्टीत तापतो तिला वारा देणारा आणि तयार बाण पोटात घेऊन चालणारा, असे हे दोन भाते एकाच नावाचे. गुजरातीत बाणांच्या भात्याला 'भाथो' म्हणतात. संस्कृतात त्याला तूणीर, इषुधी, निषंग अशी आणखीही नावे आहेत. फारसीतून आलेला 'तरकश' हा शब्द मोगल अमदानीत रूढ झाला. एका वस्तूला इतकी नावे असावीत, यावरून तिचे महत्त्व ध्यानी येते.

ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात शस्त्रास्त्रांची स्तुती करणारे एक सूक्त आहे. त्यात धनुष्य, दोरी, बाण यांच्याबरोबर भात्याचीही वेगळी स्तुती आहे, आणि पुष्कळ लेकरांचा बाप म्हणून त्याचा गौरव केला आहे. महाभारतात खांडववनाच्या प्रसंगी अर्जुनाला गांडीव धनुष्याबरोबर दोन अक्षय भाते मिळतात. त्यांतील बाण कधी सरत नाहीत. सामान्य धनुर्धराच्या मनातली सर्वांत मोठी चिंता कोणती, हे या वराने सांगितले आहे. बाण संपतात, हीच ती चिंता. मात्र महाभारतकारांनी ही कथा तेथेच सोडली नाही. मौसलपर्वात द्वारकेतील स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर वाटेत लुटारू तुटून पडतात, आणि त्या दिवशी त्याचे न सरणारे बाणही सरतात. पुढे महाप्रस्थानाच्या वेळी तो धनुष्य व ते दोन्ही भाते पाण्यात सोडून देतो. अक्षय भाताही अखेर रिकामा होतो, मग माणसाने हाताने विणलेल्या भात्याची काय कथा?

म्हणूनच निवड करावी लागते. बाण मोजके आहेत हे एकदा मान्य केले की पुढचे प्रश्न आपोआप उभे राहतात. किती बाण न्यायचे? ते पाठीवर न्यायचे, कमरेला न्यायचे, की हातात? भाता झाकलेला असावा की उघडा? चालताना बाण एकमेकांवर आपटून वाजतील काय? पावसात पिसे भिजतील काय? बाणाच्या मागच्या टोकाची पिसे त्याला हवेत सरळ ठेवतात. ती भिजून चिकटली किंवा दाबून मोडली तर बाण भलतीकडे जातो. पुढच्या टोकाचा फाळ उघडा राहिला तर तो बोथट होतो, आणि घसरून पडणाऱ्या माणसाच्या अंगातही घुसतो. भाता मोठा केला तर बाण अधिक मावतात, पण ओझे वाढते आणि तो झुडपात अडकतो. लहान केला तर चालणे सोपे होते, पण हाताशी बाण थोडे राहतात. एक सोय साधावी तर दुसरी सोडावी लागते. सर्व गुण असलेला भाता कोणीही, कोठेही बनविलेला नाही. आपल्या कामाला कोणती उणीव चालेल एवढेच माणसाला ठरवता येते.

आता सुरतेच्या किल्ल्याकडे वळू. सोळाव्या शतकाच्या मध्यास गुजरातच्या सुलतानाच्या आज्ञेवरून खुदावंदखानाने हा किल्ला तापीच्या काठी बांधला. अकबराने १५७३ मध्ये तो जिंकला आणि सुरत हे मोगल साम्राज्याचे प्रमुख बंदर झाले. मोगल फौजेचा कणा घोडदळ होते, आणि घोडेस्वाराच्या अनेक शस्त्रांपैकी धनुष्य हे एक मानाचे शस्त्र होते. त्याचे धनुष्य लाकूड, शिंग आणि स्नायू सरसाने जोडून केलेले असे. ते आखूड असूनही फार जोरदार असे. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त बादशाही शस्त्रागाराची जी यादी दिली आहे, तीत धनुष्य आणि बाण यांच्यासोबत तरकशही आहे. दरबाराच्या लेखी तरी भाता हे मोजण्याजोगे आणि किंमत लावण्याजोगे शस्त्रच होते.

या स्वाराचा तरकश जुन्या चित्रांत पाहिला म्हणजे त्याची निवड कळते. तो पाठीवर नसतो, उजव्या कमरेला पट्ट्याने बांधलेला असतो. घोडा दौडत असताना पाठीवरचा भाता हिंदकळेल आणि बाण उधळतील. कमरेच्या भात्यावर हात सहज जातो, नजर शत्रूवरून हलवावी लागत नाही. हा तरकश चपटा असतो. त्यात बाणांचा खालचा भागच झाकला जातो आणि पिसे मोकळी राहतात, म्हणजे ती दाबली जात नाहीत आणि बाण पटकन उचलता येतो. डाव्या बाजूस धनुष्याची म्यान असते. डावीकडे धनुष्य, उजवीकडे बाण, मध्ये लगाम, अशी ती मांडणी. फ्रेंच प्रवासी बर्निए हा सतराव्या शतकात सुरत बंदरातूनच हिंदुस्थानात आला. बंदूकवाला दोनदा बार काढीपर्यंत घोडेस्वार सहा बाण सोडतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्या सहा बाणांचे श्रेय केवळ स्वाराच्या दंडाला देऊन भागणार नाही. त्यातला काही वाटा कमरेच्या तरकशालाही दिला पाहिजे.

या तरकशाला आवाजाची फिकीर नव्हती. हजारो घोड्यांच्या टापांत बाणांची खडखड कोणाला ऐकू येणार? त्याला काटकसरीचीही फारशी फिकीर नव्हती. बाण संपले तर सरकारी कोठारात आणखी होते. उलट त्याला दिसायचे होते. म्हणून त्याचे कातडे रंगविले जाई, त्यावर मखमल चढे, मखमलीवर सोन्यारुप्याच्या तारेचे काम होई. गुजरातेत ही कला फार जुनी होती. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने गुजरातेतील कमावलेल्या कातड्यांचे आणि त्यांवर सोन्यारुप्याच्या तारांनी काढलेल्या पशुपक्ष्यांचे कौतुक केले आहे. सुरतेची जर तर आजही सर्वांच्या परिचयाची आहे. ज्या देशात तारेचे आणि कातड्याचे असे कारागीर होते, तेथे सरदाराचा भाता साधा राहणे शक्य नव्हते. तो त्याच्या दर्जाचे चिन्ह झाला होता.

पायदळाची गरज आणखी निराळी. सुरतेचा किल्ला ज्या दशकात उभा राहत होता त्याच दशकात, १५४५ साली, इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ 'मेरी रोझ' नावाचे लढाऊ जहाज बुडाले. १९८२ मध्ये ते समुद्रतळावरून वर काढण्यात आले, आणि त्यात हजारो बाण व शेकडो माणसांचे अवशेष मिळाले. त्याबरोबर चामड्याच्या काही गोल चकत्याही मिळाल्या. प्रत्येक चकतीला २४ भोके होती. एका भोकात एक बाण, म्हणजे पिसाला पीस लागत नाही आणि एका जुडीत बरोबर २४ बाण राहतात. हा भाता एका माणसाचा विचार करून केलेला नाही, तो सैन्याचा हिशेब ठेवणाऱ्याने केलेला आहे. किती माणसे, किती जुड्या, किती बाण, हे त्याला मोजता आले पाहिजे. स्वाराचा तरकश डौल सांगतो, जहाजावरचा हा भाता हिशेब सांगतो.

तापीचे मैदान सोडून पूर्वेस आणि आग्नेयेस चालू लागले की जमीन हळूहळू चढू लागते. साग, बांबू आणि खैर यांची जंगले लागतात. हा डांगचा मुलूख. ब्रिटिश अमदानीत काही काळ धरमपूर, वांसदा, सचिन ही संस्थाने आणि डांग मिळून 'सुरत एजन्सी' म्हणून ओळखली जात, आणि सुरतेचा कलेक्टर तिचा कारभार पाही. पलीकडे खानदेश आणि नाशिकचा प्रदेश. या साऱ्या पट्ट्यात भिल्लांची वस्ती आहे. भिल्ल हे नावच द्राविडी भाषांतील धनुष्यवाचक शब्दापासून आले असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. तमिळमध्ये धनुष्याला 'विल्' आणि कानडीत 'बिल्लु' म्हणतात. ज्या लोकांचे नावच धनुष्यावरून पडले, त्यांचा भाता कसा होता?

१९१६ मध्ये रसेल या इंग्रज अधिकाऱ्याने मध्य प्रांतातील जातिजमातींवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात भिल्लांच्या शस्त्रांचे नेमके वर्णन आहे. धनुष्य बांबूचे. त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच सालीच्या चिवट पट्टीची. भाता बांबूच्या मजबूत विणीच्या तट्टीचा, नीट जपून केलेला. त्यात सुमारे हातभर-दोन हात लांबीचे साठ बाण राहत. काही बाणांचे फाळ सुरीसारखे चपटे व धारदार, काहींचे खिळ्यासारखे गोल. पाखरे मारण्याच्या बाणांना फाळ नसे, टोकाला गोळा असे. त्या गोळ्याचा तडाखा बसून पाखरू खाली पडते, त्याचे मांस फाटत नाही आणि चुकलेला बाण झाडाच्या खोडात रुतून बसत नाही.

या वर्णनातील एकेका गोष्टीवर थांबून विचार करावा. धनुष्य, दोरी आणि भाता ही तिन्ही एकाच वनस्पतीपासून निघतात. लोखंडाचा फाळ सोडला तर बाजारातून आणावे असे त्यात फारसे काही नाही. दक्षिण गुजरातेत कोटवालिया जमातीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या बांबूच्या टोपल्या आणि तट्ट्या विणीत आले आहेत. आपल्याकडे तेच काम बुरूड करतात. बांबूच्या कामट्या एकमेकींत गुंतवून टणक पण हलकी वस्तू करणे ही या प्रदेशाची जुनी विद्या आहे. कातड्याचा तरकश डांगच्या पावसाळ्यात ओला होऊन जड झाला असता आणि बुरशीने खराब झाला असता. सरसाने जोडलेले मोगली धनुष्यही दमट हवेत सैल पडते. बांबूला त्या हवेचे भय नाही, तो त्याच हवेत वाढलेला असतो. तट्टीच्या विणीतून वारा खेळतो आणि भिजलेला बाण लवकर सुकतो. मोडला तर भाता पुन्हा विणता येतो. गरिबाचा भाता म्हणून त्याला हिणवणे सोपे आहे, पण त्या मुलखासाठी याहून शहाणी निवड सुचविणे कठीण आहे.

तीन प्रकारचे बाण एकाच भात्यात असणे हेही अर्थपूर्ण आहे. सैनिकापुढे शत्रू एकाच जातीचा असतो. शिकाऱ्यापुढे ससा येईल की हरीण येईल, तितर येईल की अस्वल येईल, याचा भरवसा नसतो. भात्यात हात घातल्यावर बोटांना हवा तोच बाण लागला पाहिजे, आणि तोही आवाज न होता. जंगलात शिकार जवळून करावी लागते. साध्या बांबूच्या धनुष्याचा पल्ला मोठा नसतो, आणि हरणाचे कान माणसाच्या कानांहून कितीतरी तिखट असतात. कोरडे पान मोडले तरी कळप उधळतो, मग बाणांची खडखड झाली तर काय होईल? म्हणून शिकाऱ्याच्या भात्याची पहिली परीक्षा म्हणजे तो मुका आहे की नाही. सुरतेच्या स्वाराला जी गोष्ट मुळीच महत्त्वाची नव्हती, तीच डांगच्या शिकाऱ्याला सर्वांत महत्त्वाची होती.

जगभरच्या शिकाऱ्यांनी या प्रश्नांची उत्तरे आपापल्या रानातून शोधली आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या मुलखात कोरफडीच्या कुळातले एक मोठे झाड आहे. त्याच्या फांद्या आतून पोकरून तेथील सान लोक भाते करीत, म्हणून त्याचे नावच 'भात्याचे झाड' असे पडले. १९९१ मध्ये आल्प्स पर्वतात ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सीमेवर, बर्फात पाच हजारांहून अधिक वर्षे राहिलेला एका माणसाचा देह सापडला. त्याच्याजवळ कातड्याचा भाता होता. त्यात १४ बाण होते. त्यांपैकी फक्त दोन पुरे तयार होते, बारा अर्धवट होते. त्याच भात्यात शिंगाची टोके आणि दोरीही ठेवलेली होती. म्हणजे तो भाता बाणांचे घर तर होताच, शिवाय वाटेत काम करण्याचे सामान ठेवण्याची ती पेटीही होती. बाण कोणी आणून देणार नाही, तो आपणच करायचा, हे त्या प्राचीन माणसाला ठाऊक होते. डांगच्या शिकाऱ्याला आणि त्याला एकमेकांची भाषा कळली नसती, पण भाता पाहून एकमेकांची अडचण तत्काळ कळली असती.

येथून पुढची हकीकत मात्र दुःखाची आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. डोंगरातील भिल्लांनी नव्या सरकारला सहजासहजी मान तुकवली नाही. तेव्हा १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्याने भिल्लांचीच एक पलटण उभी केली. धरणगाव हे तिचे ठाणे होते. त्या पलटणीत शिरणाऱ्या जवानाच्या हाती बंदूक आली आणि भात्याच्या जागी काडतुसांची थैली आली. १८३० मध्ये आउट्रमने डांगवर स्वारी केली. १८४२ मध्ये डांगच्या भिल्ल राजांकडून तेथील जंगले सरकारने पट्ट्याने घेतली, कारण तेथला साग मोलाचा होता. ज्या रानाच्या आधारे भाता भरत होता त्या रानाचा हिशेब आता इमारती लाकडाच्या घनफुटांत होऊ लागला.

१८७८ साल या दृष्टीने विशेष आहे. त्या एका वर्षात हिंदुस्थान सरकारने वनांचा कायदा केला आणि शस्त्रांचाही कायदा केला. वनांच्या कायद्याने राखीव जंगलात काय करावे व काय करू नये हे ठरविले. शस्त्रांच्या कायद्याने शस्त्र कशाला म्हणावे याची व्याख्या केली, आणि त्या व्याख्येत बंदूक, संगीन, तलवार, भाला यांच्या रांगेत धनुष्यबाणालाही बसविले. घरातल्या सुपासारखी, कोयत्यासारखी जी वस्तू रोजच्या जगण्याची होती, ती कायद्याच्या कागदावर हत्यार ठरली. तरकश बाळगणाऱ्या सरदाराचे नाव इतिहासात वीर म्हणून लिहिले गेले. बांबूचा भाता बाळगणाऱ्याचे नाव सरकारी कागदांत पुष्कळदा लुटारू म्हणून लिहिले गेले. भिल्लांच्या टोळ्यांनी लूटमार केलीच नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. परंतु सुरतेच्या दाराशी आलेल्या किंवा सुरतेच्या किल्ल्यात बसलेल्या फौजांनी तरी काय वेगळे केले होते? ज्यांच्या भात्यावर जर होती त्यांच्या लुटीला मोहीम म्हणावे, आणि ज्यांचा भाता बांबूचा होता त्यांच्या लुटीला गुन्हा म्हणावे, हा न्याय तपासून पाहिला पाहिजे.

आणखी एक गोष्ट. भाता हा शिकारीवरचा एक नैसर्गिक लगामही होता. एका माणसाच्या अंगावर मावतील तेवढेच बाण, प्रत्येक बाणामागे अर्ध्या दिवसाची मेहनत, आणि चुकलेला बाण गवतात शोधून परत आणण्याची सक्ती. अशा माणसाचा हात उगाच सैल सुटत नाही. त्यानंतर साहेबांच्या आणि संस्थानिकांच्या बंदुका जंगलात आल्या. त्यांना असा लगाम नव्हता. शिकार हा खेळ झाला आणि भिंतीवर लावलेली शिंगे ही प्रतिष्ठा झाली. प्राणी कमी होत गेले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला आणि १९७२ मध्ये देशाचा वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आज भारतात धनुष्यबाणाने शिकार करणे हा गुन्हा आहे. उरलेले प्राणी वाचवायचे तर हा कायदा हवाच, यात शंका नाही. २००६ मध्ये वननिवासी लोकांच्या हक्कांना मान्यता देणारा कायदा झाला. त्याने जमिनीचे, वनोपजाचे पुष्कळ हक्क मान्य केले, परंतु शिकारीचा परंपरागत हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. तेही आजच्या परिस्थितीत योग्यच म्हणावे लागेल. मात्र रान रिकामे करणाऱ्यांत बांबूच्या भात्याचा वाटा किती आणि बंदुकीचा व कुऱ्हाडीच्या ठेक्याचा वाटा किती, हा प्रश्न विचारल्याशिवाय हा अध्याय मिटवू नये. किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. साहेब मायदेशी गेला, संस्थानिकाने बंदूक कपाटात ठेवली, आणि भिल्लाच्या घरातला भाता मात्र आढ्याला टांगला गेला.

१९६० मध्ये मुंबई राज्याचे विभाजन झाले. डांग महाराष्ट्रात जावे की गुजरातेत, यावर पुष्कळ वाद झाला आणि अखेर ते गुजरातेत गेले. डांगचे भिल्ल राजे आजही होळीच्या सुमारास आहवा येथे भरणाऱ्या डांग दरबारात सन्मानाने जमतात आणि आपले सालाचे मानधन स्वीकारतात. जंगलांच्या त्या जुन्या पट्ट्यांचा धागा अशा रीतीने अजून तुटलेला नाही.

आणि धनुष्याचे काय झाले? ज्या १९७२ साली देशात वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, त्याच वर्षी म्युनिकच्या ऑलिंपिक सामन्यांत धनुर्विद्येला अनेक वर्षांच्या खंडानंतर पुन्हा स्थान मिळाले. त्याच वर्षी राजस्थानात उदयपूरकडच्या आदिवासी मुलखात लिंबाराम यांचा जन्म झाला. लहानपणी बांबूच्या धनुष्याने पाखरे टिपणारा हा मुलगा पुढे १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे उतरला. १९९१ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि २०१२ मध्ये पद्मश्री. रानात शिकलेली नजर मैदानात उपयोगी पडली. पण त्या मैदानातला भाता पाहा. तो कमरेला असतो, त्याचे तोंड उघडे असते, त्यातील सगळे बाण एकाच जातीचे असतात. पाऊस आला तर निशाण्यापासून परत येऊन पुसता येतात, आणि खडखड झाली तरी पुठ्ठ्यावरचे वर्तुळ पळून जात नाही. सुरतेच्या किल्ल्यातील मोगल स्वाराला हा भाता पाहून आपलाच वाटला असता. डांगच्या शिकाऱ्याने तो हातात घेऊन वाजवून पाहिला असता आणि हसून परत दिला असता.

म्हणजे दोन भात्यांपैकी दरबारचा भाता रूप बदलून टिकला आणि रानातला भाता मागे पडला. त्या भात्याबरोबर एक ज्ञानही मागे पडले आहे. कोणता बांबू कोणत्या महिन्यात तोडावा, वीण किती घट्ट ठेवावी, गोळ्याचा बाण कोणत्या बाजूस ठेवावा आणि फाळाचा कोणत्या, हे कोणी पुस्तकात लिहून ठेवलेले नाही. ते वृद्धांच्या बोटांत आहे. शिकार पुन्हा सुरू व्हावी असे कोणीही म्हणणार नाही. परंतु वस्तू कशी करीत आणि तशीच का करीत, हे विचारून लिहून ठेवण्यास कोणताही कायदा आड येत नाही. डांगच्या, नंदुरबारच्या, धुळ्याच्या शाळांतून शिकणाऱ्या मुलांनी आपल्या आजोबांना एवढे विचारले आणि वहीत उतरवून घेतले तरी पुष्कळ काम होईल.

संग्रहालयाच्या काचेआड जेव्हा एखादा जरतारी तरकश दिसतो तेव्हा त्याच्या झगमगाटापाशी थांबू नये. यात किती बाण मावत, ते कोण करून देई, ते संपले म्हणजे काय होई, असे प्रश्न मनात आणावेत. आणि जवळच धूळ खात पडलेला बांबूचा भाता असेल, तर हेच प्रश्न त्यालाही विचारावेत. पहिल्या भात्यामागे एक कोठार होते. दुसऱ्यामागे एक माणूस, त्याचे कुटुंब आणि त्याचे रान होते. आपल्या इतिहासाने पहिल्याची नोंद ठेवली आहे. दुसऱ्याची नोंद ठेवण्याचे काम अजून बाकी आहे.